प्रतीक्षा

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून मी लिनक्स टाकलं, तेही मराठीतून, म्हणजे सासूबाईंनाही वापरता येईल. त्या साठी उलटल्यावर वाचायला शिकलेल्या. पहिल्यांदा सुरू केलं तर पडद्यावर आलं, ‘कृपया प्रतीक्षा करा’. आईंनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, "शिवानी, ही प्रतीक्षा कोण गं?"

"कोणी नाही, आई. थांबा म्हणतोय तो."

"मग सरळ सांगायला काय होतं त्याला? जरा दम धरा म्हणावं."

या सिस्टीमचं मराठी तुमच्याआमच्यासारखी माणसंच हौसेने करतात, कुणालाही शब्द सुचवता येतो. मी आईंचं वाक्य जसंच्या तसं पाठवून दिलं. पुढच्या एका अपडेटनंतर ते आमच्या पडद्यावर आलं. आईंनी दोनदा वाचलं आणि चहा टाकायला गेल्या.

परवा आईंना घेऊन कल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले, तर केस पेपरची रांग अडली होती. लोक कुरकुरत होते. शेवटी काउंटरवरच्या मुलीने वैतागून मॉनिटरच आमच्याकडे फिरवला. "आमच्याकडे पण आता लिनक्स टाकलंय. मी काय करू? तुम्हीच वाचा काय म्हणतोय तो."

‘जरा दम धरा.’

आईंना लांबचं धड दिसत नाही, पण ते दिसलं. त्यांनी पदर सारखा केला आणि मागे वळून अख्ख्या रांगेला सांगितलं, "धरा की. मीच सांगितलंय."