खरं वजन

चामोर्शीहून चंद्रपूरला आणलं, तेव्हा माझ्या तीन वर्षांच्या अंकुशच्या किडन्या बंद पडल्या होत्या. अंग इतकं सुजलेलं, की काट्यावरच्या वजनाला काही अर्थच नव्हता. आयसीयूत रक्त धुणारं मशीन सारखं चालू होतं, अँटिबायोटिकही चालू होतं, ताप मात्र हटत नव्हता. काचेबाहेर उभं राहून राहून आता रडूही येत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. "हे मशीन विषासोबत औषधही धुऊन काढतं. म्हणून डोस नीट वजनाच्या हिशोबाने द्यावा लागतो. आजाराआधी अकरा किलोच होता ना?"

"अकरा? चौदा होता! अकरा कोणी सांगितलं?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मीच सांगतलं. लेकराचं खरं वजन सांगते का कोनी? नजर नाई लागत?"

"आई, अवो, डॉक्टरले तरी खरं सांगाचं!" त्यांच्यावर ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

डोस वाढला. हळूहळू ताप उतरला, सूज ओसरली, मशीन सुटलं. अंकुशला जनरल वॉर्डात आणलं, तेव्हा शेजारच्या खाटेजवळची बाई कौतुकाने म्हणाली, "मस्त दिसून राह्यला वो तुमचा बाबू! किती वजन हाय?"

सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं.



मी पटकन म्हटलं, "अकरा."