कोरा रिपोर्ट

दुपारची सुट्टी झाली तसे भट्टीवरचे चौघे पत्र्याच्या सावलीत डबे घेऊन बसले. गोरक्षनं डबा उघडला नाही. सकाळी दवाखान्यातून आणलेला रिपोर्ट त्याच्या खिशात होता. दोन हजार एकचा मे महिना. अंबडच्या कारखान्यांची सगळी शेडं तापलेली, आणि इथं तर जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळत होतं.

"एक विचारतो, राग मानू नका," तो म्हणाला. "या भट्टीवर आल्यापासून कुणाला मूल झालं?"

भिमाजी हसला. "माझी आरोही हाय की!"

"ती कितवीला?"

"चौथीला. मी इथं लागलो तेव्हा ती..." तो थांबला. घास तसाच हातात राहिला. "रांगत होती."

सोमनाथनं चूळ भरून थुंकली. तोंडातली शिशाची गोडसर चव कितीही चुळा भरल्या तरी जात नसे. "आमच्याकडं पत्रिकेत दोष निघाला. पूर्वजानं नाग मारला होता. त्र्यंबकला जाऊन विधी केला."

"मीबी केला," भिमाजी म्हणाला. "पोरासाठी. आमच्याबी पूर्वजानं नागच मारला होता."

गोरक्षनंही दोन वर्षांपूर्वी बायकोला, चांगुणाला घेऊन तोच विधी केला होता, त्याच कारणानं. त्यानं दोघांकडं पाहिलं. कुणी हसलं नाही.

"चांगुणात काही दोष नाय," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या बीजात जीवच नाय. एकबी नाय. डॉक्टरनं काम विचारलं, मी सांगितलं. म्हणाला, शिशानं, धगीनं होऊ शकतं असं. मग विचारलं, बरोबरच्यांना मुलं हायेत का?"

भिमाजीनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

"घरी काय सांगशील?" सोमनाथनं विचारलं.

"काय सांगायचं? आईनं रविवारी माझ्यासाठी दुसऱ्या मुलीकडच्यांना घरी बोलावलंय. चांगुणाच घर सारवतीय त्यासाठी."

तो उठला, आत गेला. वितळलेलं शिसं चंदेरी, शांत दिसत होतं. त्यानं कागद खिशातून काढला, चुरगाळला आणि हात पुढं केला. मागून कुणीतरी मनगट धरलं.

झुंबर होता. चौघांत वडीलधारा.

"पाच वर्षं वाट पाहून पहिल्या बायकोला सोडली मी," तो म्हणाला. "दुसरी आणली. तिलाबी सात वर्षं झाली."

गोरक्षनं हात मागं घेतला.

"पहिली अजून माहेरीच हाय, देवळ्याला. सख्ख्या भावाच्या लग्नात तिला हळदीला हात लावू दिला नाय. वांझ म्हणून." झुंबरनं तो चुरगाळलेला कागद त्याच्या मुठीतून सोडवला, मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो वरपासून खालपर्यंत बघत राहिला.

"ह्यो दवाखाना कुठंशी हाय रं?"

"उद्या चल माझ्याबरोबर," गोरक्ष म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "चांगुणालाबी नेतो. तिच्यासमोरच वाचू दे डॉक्टरला."

झुंबरनं मान हलवली. कागदाची घडी करून परत दिला.

"माझ्या नावाचा असाच एक पायजे. देवळ्याला, तिच्या सगळ्या भावकीसमोर वाचून घ्यायचाय."