नातीचा वाटा

फाकाओफो बेटावर होड्या परतल्या की सगळे मासे किनाऱ्यावर ओततात आणि घरात जितकी माणसं तितके मासे, असे वाटे घालतात. तान्ह्या पोराचाही वाटा असतो. वाटे घालायचं काम माझ्या सासऱ्यांकडे, फलानिकोंकडे आहे.

माझ्या नवऱ्याची, केलेवेची, होडी रिकामी सापडली, त्यानंतरही ते आमच्या घरासाठी तीन मासे ठेवत राहिले. एक त्यांचा, एक माझा, एक केलेवेचा. बेटाचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

मला मुलगी झाल्यानंतरची आजची पहिली वाटणी. पोरीला काखेत घेऊन मी मोठी टोपली आणली होती.

"नातीला चांगला मोठा द्या हं," शेजारची लेपेका ओरडली. "दात नसले म्हणून काय झालं!"

सगळे हसले. सासऱ्यांनी आमचं घर पुकारलं. एक मासा ठेवला, दुसरा ठेवला. तिसरा हातात धरून जरा थांबले.

"हा नातीचा," ते म्हणाले.

मी टोपली तशीच पुढे धरून उभी राहिले.

"बाबा?"

त्यांनी मान वर केली नाही. पुढच्या घराचं नाव पुकारलं.

पोरीसाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मोकळे नव्हते. मासे नेहमीसारखे तीनच होते, त्यामुळे केलेवे आत्ता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मेला, हे कुणाला दिसलंच नाही.