गिरणीचं इंजिन

"धुराडं जाडं वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिवसभर लोकांच्या दाढा बघायचा भिंगाचा चष्मा त्यांनी तसाच डोळ्यांवर ठेवला होता आणि तळहाताएवढं इंजिन नाकाशी धरलं होतं.

"जाडं कसलं, बोळकं बसवलंय नुसतं," बेकरीवाल्याने री ओढली. "आणि रंग बघा. माझ्या पावाला याहून बरा रंग चढतो."

"चाकं हलकी आहेत," गणिताचे सर म्हणाले. "स्वस्तातला माल. त्यातून पहिली खेप. पहिल्या खेपेत खोड असायचीच."

तिघंही खोटं बोलत होती. इंजिन देखणं होतं. त्यांच्या लहानपणी शाळेच्या मागून कागद गिरणीचे डबे ओढत जाणारं ते बुटकं, काळं इंजिन कुणीतरी उचलून, लहान करून, तसंच्या तसं डबीत घातलं होतं. खेळण्यातल्या आगगाड्यांच्या या हौशी मंडळाच्या टेबलावर सगळं होतं. डोंगर, बोगदे, फाटकं, सिग्नल. नव्हतं ते फक्त गिरणीचं इंजिन. असल्या आडगल्लीतल्या इंजिनाचं खेळणं कोण काढणार? आता एका नव्या कंपनीने काढलं होतं, तेही कुणालाही परवडेल असं. बाजारात यायच्या आधी नमुना पाठवला होता. पहिल्या खेपेतली हवी असतील तर आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

तिघांचाही जीव त्यात अडकला होता. घोडं अडलं होतं ते तात्यांपाशी.

तात्या नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झालेले. टेबलाच्या टोकाला मऊ फडक्याखाली त्यांचं काम झाकून ठेवलेलं असे. पितळेच्या पत्र्यातून हेच इंजिन ते हाताने घडवत होते. कित्येक वर्षं. बॉयलरवरच्या खिळ्यांची टोकं त्यांनी सुईने एकेक उठवली होती. एक बाजू पसंत पडली नाही, तेव्हा सगळी उतरवून पुन्हा केली होती. दुसऱ्या गावची माणसं ते अर्धं इंजिन बघायला येत आणि देवघरात बोलावं तसं हळू बोलत. सर प्रत्येक पाहुण्याला सांगत, "असं काम आयुष्यात एकदाच बघायला मिळतं." ते खरंही होतं.

"उद्या प्रत्येकाच्या हातात हे आयतं आलं," सर म्हणाले, "तर तात्यांनी कोणत्या तोंडाने पुढचा खिळा मारायचा?"

डॉक्टरीणबाईंनी इंजिन डबीत ठेवलं. ठेवताना त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"नकोच मग," बेकरीवाला म्हणाला. "तात्यांना सांगू, अगदीच भिकार निघालं."

जिन्यावर काठी वाजली. बेकरीवाल्याने डबी पावाच्या पिशवीत कोंबायला घेतली, पण तात्या दारात उभे होते.

"लपवताय काय? आलं वाटतं ते!"

तिघंही एकदम बोलायला लागली. धुराडं, रंग, चाकं. तात्यांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते खिडकीशी गेले. इंजिन उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"काय हात आहे हो," ते म्हणाले. "कुणी काढलंय हे? धुराड्याचा काठ बघा. या काठापायी मी किती पत्रा वाया घालवला. आणि या पठ्ठ्याने बघा कसा सहज वळवलाय!"

"तात्या, प्लास्टिक आहे ते," सर अजिजीने म्हणाले.

"असेना. बघणारा डोळा तर प्लास्टिकचा नाही ना?"

त्यांनी ते रुळांवर ठेवलं. इंजिन निघालं आणि पहिल्याच सांध्याला अडून गुरगुरत राहिलं.

"बघा! पहिली खेप!" बेकरीवाला सुटल्यासारखा म्हणाला.

तात्यांनी ते उलटं केलं, बारीक पेचकसाने एक स्क्रू किंचित सैल केला आणि पुन्हा ठेवलं. या वेळी ते सांधा ओलांडून गेलं. बोगद्यात शिरलं, बाहेर आलं, वळणावर जरासं डुललं.

"अगदी अस्संच!" बेकरीवाला ओरडला. "शाळेमागच्या वळणावर अस्संच डुलायचं!" मग त्याने जीभ चावली.

शेवटी सरांनी घसा साफ केला. "तात्या, आम्ही हे घेणार नाही. ठरलंय आमचं. तुमच्या इतक्या वर्षांच्या कामावर पाणी पडलेलं आम्हाला बघवणार नाही."

तात्या त्यांच्याकडे बघतच राहिले. मग खुर्चीत बसले आणि हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अहो सर, शेवटच्या बदलीवर मी या गावात आलो, तेव्हा गिरणीला टाळं लागून जमाना झाला होता. मी ते इंजिन कधी पाहिलेलंसुद्धा नाही, जुन्या फोटोंवरून घडवतोय. पण तुम्ही जमलात की त्याच्यासाठी हळहळायचात. कुणी बनवत नव्हतं, म्हणून म्हटलं, आपणच बनवायला बसू. कळवा, कळवा लवकर. संध्याकाळ होत आली."

सर फोनकडे धावले. बेकरीवाला डोळे पुसायला खिडकीशी गेला. डॉक्टरीणबाई मात्र तिथेच उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"आणि तुम्हाला, तात्या? तुम्हाला काय बनवायचं होतं?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तात्या लहान मुलासारखे लाजले.

"मला ना," ते म्हणाले, "एक पूल बांधायचा होता."