लिंबावरचं गाठोडं

मरताना कारभारी लेकीला एवढंच म्हणाले, "मला पैठणला न्यायचं न्हाई. आपली नदी वाहंल तवा तिच्यातच सोड." धावडा गावची नदी तेव्हा पंधरा वर्षं कोरडी होती. डोंगरातल्या नाल्यांना दगडी बांध घालायला गावाला त्यांनीच उठवलं होतं. अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून सोनूबाईने बापाचं गाठोडं दारच्या लिंबावर टांगलं. दुसऱ्या दिवशी त्यांची पाटी घेऊन ती बांधावर गेली, कारण घरटी एक माणूस द्यायचा ठरलेला होता.

चौथ्या वर्षी दिवाळी सरली तरी नदी वाहत राहिली.

"जा बेटी," बांधावरचे बापाचे जोडीदार ख्वाजामियाँ म्हणाले. "बहुत टांगून ठेवलंस माझ्या दोस्ताला. बराबर शिव्या देत असंल."

सोनूबाई गाठोडं घेऊन घाटावर गेली. तिथे बाया घागरी भरत होत्या. ती खाली गेली, तर गुरं पाणी पीत होती. आणखी खाली लेकरं ओंजळीने पीत होती. शीव ओलांडली, तर पुढच्या गावच्या बाया घागरी घेऊन उतरत होत्या.

दिवस कलताना ती परतली. गाठोडं हातातच होतं.

"काय झालं? वाहून न्हाई राह्यली का नदी?"

"वाहून राह्यली. पण कुठं सोडू, चाचा? जिथं जाते तिथं कुणी ना कुणी पिऊन राह्यलंय."

ख्वाजामियाँ उठले. त्यांनी पैठणला जायला गाडी जुंपली.