वाढत्या अंगाचा कोट

"हात खाली सोड गं. बाह्या आखूड दिसतात," मॅडम कुजबुजल्या.

छोटी डॉक्टर पडद्यामागे पांढऱ्या कोटात उभी होती. कोट पाचवीत शिवलेला, वाढत्या अंगाचा. तेव्हा तो घोट्यापर्यंत यायचा आणि ती उशीच्या अभ्र्यात शिरलेल्या मांजरासारखी दिसायची. दरवर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याआधी आई त्याची एकेक दुमड उसवायची. आता दहावीत उसवायला काही उरलंच नव्हतं. कोट काखेत असा काचत होता, की श्वाससुद्धा परवानगी काढून घ्यावा लागत होता.

तिच्या खऱ्या नावाने शाळेत कोणी हाक मारत नसे. फाटकावरचे काकासुद्धा "काय डॉक्टर, सर्दीवर काय घेऊ?" असं विचारायचे.

सगळा घोळ त्या एका चहाचा. शाळेच्या माजी विद्यार्थिनी, नावाजलेल्या सर्जन, तिची फी भरणार होत्या. देणग्यांचं काम बघणाऱ्या मॅडमनी दोघींना समोरासमोर बसवलं आणि लाडाने विचारलं, "मग, मोठेपणी कोण होणार आमची छकुली?"

समोर डॉक्टरबाई. ती म्हणाली, "डॉक्टर!" समोर पोलीस बसले असते तर ती पोलीस झाली असती.

मॅडमना आभाळ ठेंगणं झालं. डॉक्टरबाई मात्र चहा पीत राहिल्या. पुढच्या महिन्यात कोट आला, फोटो आला आणि देणगीच्या प्रत्येक पत्रकावर छोटी डॉक्टर झळकायला लागली. फोटो पाहून माजी विद्यार्थी विरघळायचे. मॅडम म्हणायच्या, "ही पोर म्हणजे आपलं नाणं आहे नाणं!"

आज त्या नाण्याने माइकवर वाजायचं होतं. "मी या शाळेची डॉक्टर होणार," एवढंच बोलायचं. लगेच मॅडम तिच्या मेडिकलच्या शिक्षणासाठी नवा निधी जाहीर करणार होत्या. मग कसली सुटका? आणि नाही म्हणावं, तर धाकट्या बहिणीचा प्रवेश मॅडमच्याच हातात होता.

"बोलून टाक गं बाई," आई सकाळी म्हणाली होती, "पुढचं पुढे."

पुढचंच तर सगळं अडलं होतं.

बाहेर माइक किंचाळला. कोणीतरी भलतंच बटण पिरगाळत होतं. तिची बोटं शिवशिवली. शाळेच्या नाटकांचा आवाज तीच सांभाळायची. कुठलं बटण किती फिरवलं की हॉल शहाण्यासारखा वागतो, हे तिला डोळे मिटूनही कळायचं. पण कोट अंगात असताना वायरीला हात लावला, की मॅडम कडाडायच्या, "शोभतं का हे डॉक्टरला?"

मॅडम पाहुण्यांना बसवायला गेल्या आणि पडदा सारून डॉक्टरबाई आत आल्या. पांढरे केस, ताठ मान. त्यांनी हलक्या हाताने तिची कॉलर सरळ केली.

"झालं का भाषण पाठ?"

"बाई, मला डॉक्टर नाही व्हायचं."

निघून गेलं तोंडातून! मग बांध फुटल्यासारखं सगळंच आलं. "मला आवाजाचं काम शिकायचंय. नाटकांचं. तुम्ही माझी फी बंद केलीत तरी चालेल. पण बहिणीचं काही अडवू नका, प्लीज."

डॉक्टरबाईंची नजर कुठेतरी लांब जाऊन परत आली. त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. मग दुसरं.

"काढ हा. कसा काचतोय बघ. फी तुझीही भरणार आणि बहिणीचीही. फक्त मोठेपणी कोण होणार, असं तिला कुणी विचारायचं नाही. मॅडमना मी सांगते."

कोट निघाला. तिने छाती भरून श्वास घेतला आणि भीत भीत विचारलं, "बाई, तुम्ही रागावला नाहीत?"

"तुझ्यावर? नाही गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझी फी भरणारेही डॉक्टरच होते. माझी नाही हिंमत झाली."