लाल दोऱ्याचा गळ

रात्री वारा कुठल्या बाजूला वाहत होता हे पाहूनच ती तळ्याच्या कोणत्या काठाला जायचं ते ठरवायची. मेलेले मासे वाऱ्याबरोबर सरकतात. आज ते पंपघराच्या बाजूला लागले होते. लांब दांड्याच्या जाळीने तिने अकरा ओढून काढले आणि बादलीत टाकले.

ती सहाला कामाला यायची, सातला क्लबची मंडळी गळ टाकायला. त्याआधी पाणी आरशासारखं लख्ख हवं. फाटकावर मोठी पाटी होती : ‘पकडा, पाहा, सोडा. इथे मासा मारला जात नाही.’ हातातून सोडलेल्या माशाने एकदा शेपटी मारून बुडी घेतली, की मंडळींच्या लेखी तो जगला. पुढचं कोण बघतो? पुढचं ती बघायची. कामाला लागली त्याच दिवशी व्यवस्थापकाने तिला बजावलं होतं, की मासे कुंपणामागच्या खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही आणि एक शेपूटही घरी न्यायची नाही. तिच्या आधीच्या माणसाने एक नेला होता. दुसऱ्या दिवशी तो फाटकाबाहेर.

बारावा मासा हाताएवढा होता आणि त्याच्यात अजून धुगधुगी होती. कल्ले लालभडक. घरी तिची लेक बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. अंगात रक्ताचा थेंब नाही, दूध आटलेलं, बाळ रडून रडून निळं पडायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, औषधं राहू द्या, आधी हिला चारीठाव खायला घाला. म्हणायला काय जातं! तिने इकडेतिकडे पाहिलं, मासा पंच्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला.

“मावशी, काय आहे त्यात?”

निवृत्त जज्जसाहेब मागे उभे होते. पाटीवरचा मजकूर त्यांचा, नियमही त्यांचेच. झोप लागली नाही म्हणून आज अर्धा तास आधीच आले होते.

तिने पंचा उलगडला. साहेबांचा चेहरा उतरला. बादलीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही, मासा तेवढा दिसला. इथला जीव चोरून नेता, मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं ते हळू आवाजात म्हणाले आणि बाह्या वर सारून गुडघ्यांवर बसले. आधी हात ओले केले, कोरड्या हाताने माशाचं अंग सोलवटतं म्हणून. मग दोन्ही तळव्यांत त्याला पाण्यात धरून मागेपुढे झुलवू लागले. इतकं हळुवार, की तिला आपलं नातवंडच आठवलं.

“तो मरणारच आहे, साहेब,” ती म्हणाली. “माझ्या लेकीच्या पोटात तरी जाऊ दे.”

साहेबांनी हात सोडले. मासा कुशीवर कलला, मग उलटा झाला. पांढरं पोट वर. त्यांनी पुन्हा सरळ केला, तो पुन्हा उलटला. तिसऱ्यांदा धरताना त्याचं तोंड उघडं पडलं आणि आत घशापाशी लाल दोरा दिसला.

साहेब आपले गळ स्वतः बांधायचे, लाल रेशमी दोऱ्याने. अख्ख्या क्लबात तसा गळ दुसऱ्या कुणाचा नव्हता. गळ खोल गेला तर ओढायचा नाही, दोरी कापून मासा सोडून द्यायचा, आठवड्यात गळ गंजून आपसूक पडतो, हे नव्या सभासदांना तेच शिकवायचे.

“हा एखादाच असेल,” ते म्हणाले.

“पुरण्याआधी मी काढून ठेवते, साहेब. कुत्री खड्डा उकरतात, त्यांच्या तोंडात जातात.” बोलावं की नाही, हे तिला ठरवता येईना. पण तोवर तोंडातून गेलंच. “लाल दोऱ्याचे डबाभर झालेत.”

आता साहेबांनी बादलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हा माणूस आता सगळं बंद करील, असं तिला वाटलं, आणि बंद झालं तर आपलं कामही जाईल, हेही त्याच क्षणी कळलं.

साहेबांनी खिशातून चिमटा काढला. घशातला गळ मोठ्या कौशल्याने सोडवला, रुमालाने पुसला आणि खिशात ठेवला.

“हाही पुरून टाका,” ते म्हणाले. “मी व्यवस्थापकाला काही सांगणार नाही. तो डबा मात्र मला आणून द्या. आणि उद्यापासून अर्धा तास आधी येत जा.”

तिने मासा खड्ड्यात टाकला. चुना टाकताना कल्ला एकदा हलल्यासारखा वाटला. तिने फावडं थांबवलं नाही. तिला रडू आलं, ते लेकीसाठी, की माशासाठी, की आपण मुकाट्याने ऐकलं म्हणून, कोण जाणे.

आठच्या सुमाराला काठावर टाळ्या वाजल्या. साहेबांना मोठा मासा लागला होता. नव्या सभासदांना दाखवत त्यांनी हात ओले केले, दोरी कापली, माशाला पाण्यात झुलवलं आणि सोडलं.

“गेला बघा,” ते म्हणाले. “मोकळा झाला.”

ती मागे झाडू घेऊन उभी होती. वारा फिरला होता. उद्या पायऱ्यांच्या काठाला, तिने मनाशी म्हटलं. साडेपाचला.